चौधरी अक्का आणि जिनातलं विमान

जळगावात विमान आलं ते मालगाडीने आलं. धड एका वाघिणीवर, पंख दुसऱ्या वाघिणीवर आणि सोबत एक मोठं लाकडी खोकं. स्टेशनापासून सुगनचंदशेठच्या जिनापर्यंत ते बैलांनी ओढत आणलं, तेव्हा अर्धं गाव मागून चाललं होतं.

शेठचा धंदा कापसाचा. सरकी काढायचं जीन आणि गठाणी बांधायचा प्रेस. लढाई संपल्यावर सरकारने उरलंसुरलं सामान लिलावात काढलं, तेव्हा शेठ मुंबईला ट्रक घ्यायला गेले. यादीत लिहिलं होतं, 'ट्रक दोन व इतर'. शेठनी ट्रक नीट पारखले, टायरांवर लाथा मारून बघितल्या आणि बोली लावली. 'इतर' म्हणजे विमान निघालं. एका माणसाचं लढाऊ विमान. इंजिन जाम झालेलं, पण नाकावरचा तीन पात्यांचा पंखा शाबूत.

शेठनी गावातल्या भांडेवाल्याला बोलावलं. त्याने विमानाला टिचकी मारून, आवाज ऐकून सांगितलं की यातून निदान गावजेवणाची पातेली निघतील. पण शेठच्या मातोश्री आड आल्या. त्यांचं वय ऐंशीच्या घरात आणि धर्म कडक जैन. "जे उडतं त्याला तोडायचं नाही," त्या म्हणाल्या.

"माँ, त्यात जीव नाही," शेठ म्हणाले.

"मग उडत कसं होतं?"

शेठनी भांडेवाल्याला परत पाठवलं. विमान प्रेसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहिलं. लोक बघायला येऊ लागले. लोक येतातच आहेत तर चार गोष्टी मांडाव्यात म्हणून शेठनी ते खोकं फोडलं. त्यातून टोप, चष्मे, होकायंत्र, फाटकी हवाई छत्री आणि कशाकशाचे तुकडे निघाले. शेडवर पाटी लागली, 'विमान संग्रहालय. प्रवेश मोफत. बिड्या विझवून आत येणे.' ही पाटी मी रंगवली होती. मी तेव्हा एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो आणि रविवारी रिकामा असायचो.

पाटीमागून पाट्या आल्या. प्रत्येक वस्तूखाली माहिती हवी, असं शेठचं म्हणणं. माहिती शेठला नव्हती, मलाही नव्हती, पण माझं अक्षर चांगलं होतं. विमानाखाली मी लिहिलं, 'हे विमान एका दमात लंकेपर्यंत जाऊन परत येत असे.' होकायंत्राखाली, 'याने शत्रू कुठे आहे ते कळते.' लोक वाचून माना डोलवायचे.

एका रविवारी सकाळी एक बाई आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, अंगाने काटक, बारीक काठाची पांढरी सुती साडी आणि पायात काळे बूट. साडीवर बूट घालणारी दुसरी बाई जळगावात तेव्हा मी बघितली नव्हती. हात पाठीमागे बांधून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पाट्या वाचल्या. मग विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

"मी," मी जरा पुढे होऊन म्हणालो.

"कशावरून?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. "अंदाजाने," मी म्हणालो.

"अंदाजाने," त्या म्हणाल्या. घासात खडा लागल्यावर माणूस थांबतो तशा त्या थांबल्या. मग विमानाकडे गेल्या. पंखाखालून, शेपटीखालून सगळीकडून फिरून आल्या, पावलं मोजली, पत्र्यावर तळहात टेकवला आणि एकदम लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "अगं बाई! एवढं मोठं असतं होय हे!"

शेठ खुर्चीत बसून हे बघत होते. "बाईसाब, विमान पहिल्यांदाच बघता वाटतं?"

"जवळून पहिल्यांदा. तशी मी लढाईत चार वर्षं हवाई दलात होते."

शेठ उठून उभे राहिले. "नर्स?"

"नाही."

"टायपिस्ट?"

"नाही."

शेठ विचारात पडले. "मग... स्वयंपाकाकडे?"

"स्वयंपाक मला येत नाही," बाई म्हणाल्या.

या चौधरी अक्का. नाव वत्सला चौधरी, पण शेठच्या मातोश्रींपासून केळीवाल्यापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. वडील भुसावळला रेल्वेत गार्ड. सोळाव्या वर्षी लग्न आणि अठराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी परत. रेल्वेच्या शाळेत शिकलेलं इंग्रजी तेवढं हाताशी. लढाईच्या दिवसांत बायकांची भरती निघाली, तेव्हा वडिलांनीच अर्ज आणून दिला. नातेवाइकांनी फार आरडाओरडा केला. वडील म्हणाले, "मी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसणारा माणूस. पुढच्या डब्यात काय चाललंय ते मला ऐकू येत नाही."

कलकत्त्याला जमिनीखाली एक खोली होती आणि त्या खोलीत एक मोठं टेबल. टेबलावर नकाशा. अक्कांच्या कानाला फोन. ठिकठिकाणचे पहारेकरी आभाळाकडे बघून सांगायचे, अमुक विमानं, अमुक ठिकाणी, अमुक दिशेला तोंड करून चालली आहेत. अक्कांच्या हातात लांब काठी. त्या काठीने नकाशावरची खूण पुढे सरकवायची. वर सज्जात साहेब लोक बसलेले. ते टेबलाकडे बघून ठरवायचे, आता कोणी कुठे जायचं.

"म्हणजे विमानं तुम्हीच चालवायच्या!" शेठ भारावून म्हणाले.

"चालवणारे वर. मी खाली सरकवायची."

पुढच्या रविवारपासून शेडची किल्ली अक्कांकडे गेली. आठवडाभर त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तारा जोडायच्या आणि रविवारी संग्रहालय. शेठनी एकदा पगाराचं काढलं, तर म्हणाल्या, "मी नोकरीला नाही आले. ड्यूटीला आले." दोहोंतला फरक शेठला कळला नाही, पण तो विषय त्यांनी परत काढला नाही.

अक्कांना सांगितलेली कुठलीही गोष्ट त्या परत म्हणून दाखवायच्या आणि समोरच्याकडूनही म्हणवून घ्यायच्या. भाजीवाली म्हणायची, "वांगी घ्या, अक्का." अक्का म्हणायच्या, "एक शेर वांगी, अर्धा पाव मिरची, देठासकट. सांग." भाजीवालीने ते म्हणून दाखवल्याशिवाय पिशवी पुढे व्हायची नाही. वेळ त्या चोवीस तासांत सांगत. "शेड सोळा वाजता बंद होईल," असं त्या म्हणाल्या की खेड्यावरची माणसं एकमेकांकडे बघत. टेलिफोनवाल्यांना सरकारने वेगळं घड्याळ दिलेलं असतं, अशी एक समजूत पुढे गावात पसरली. आणि 'सुमारे', 'जवळजवळ', 'असेल' हे शब्द शेडमध्ये चालत नसत. "दिसलं ते सांगा," त्या म्हणायच्या, "वाटलं ते घरी जाऊन सांगा."

माझ्या पाट्या अर्थातच उतरल्या. लंका पुसली गेली. अक्का स्वतः मुंबईच्या एका ग्रंथालयाला पत्र लिहून माहिती मागवायच्या आणि मग मी रंगवायचो. खोक्यातल्या पाच वस्तूंचा मात्र पत्ताच लागेना. अक्कांनी मला पाच पाट्या लिहायला सांगितल्या, 'ही वस्तू काय आहे ते माहीत नाही.'

"अक्का, हे बरं दिसतं का?" मी म्हणालो. "संग्रहालयाची अब्रू जाईल."

"खोटं लिहून आलेली गेलेलीच बरी."

झालं भलतंच. त्या पाच वस्तूंपुढे सगळ्यात जास्त गर्दी होऊ लागली. सोनार आला, त्याने एक नळी भट्टीची आहे म्हणून सांगितलं. शिंपी आला, त्याने तीच शिलाई मशीनची ठरवली. धरणगावच्या एका आजींनी ती बघून, ही ताकाची रवी, आणि सायबाला ताक करता येत नव्हतं म्हणून असली मोडली, असा निकाल दिला. अक्का प्रत्येकाचं म्हणणं वहीत उतरवून घ्यायच्या आणि शेवटी विचारायच्या, "पाहिलंय की वाटतंय?" सगळे खाली मान घालून म्हणायचे, "वाटतंय."

रावेरकडचा एक केळीवाला शेतकरी एकदा आला होता. लोक पंख्याकडे बघतात. हा पठ्ठ्या मागे जाऊन शेपटीखालचं लहान चाक बघत बसला. मग म्हणाला, "अक्का, हे मांगचं चाक उलटं बसवेल आहे."

मी हसलो. अक्का हसल्या नाहीत. मळकी जमीन न बघता तिथेच गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी चाक पाहिलं. स्टेशनावर विमान जोडणाऱ्या हमालांनी ते खरंच उलटं ठोकलं होतं. दोघांनी मिळून तिथल्या तिथे ते सरळ केलं. मला पाटी रंगवावी लागली, 'मागील चाक उलटे होते ते तुकाराम नेमाडे यांनी दाखवून दिले.' तुकारामभाऊ पुढे दर वर्षी केळी विकून झाली की नातेवाईक घेऊन यायचे. विमान ते दोन मिनिटं दाखवायचे. बाकीचा वेळ पाटी.

दसऱ्याला बायका हळदकुंकू घेऊन यायच्या. अक्कांनी त्यांना चाकाला लावायची परवानगी दिली होती, पंख्याला नाही.

"पंख्याला का नको?" मी विचारलं.

"फिरला तर?"

"इंजिन जाम आहे, अक्का. कित्येक वर्षं."

"फिरणार नाही असं धरून पंख्यापुढे उभं राहायचं नसतं," त्या म्हणाल्या आणि बायकांना दोन पावलं मागे सरकवलं.

पण अक्का काय चीज आहेत ते गावाला कळलं शेठच्या दिवाणजींच्या मुलीच्या लग्नात. दिवाणजी म्हणजे भास्कर पाटील, जिनाचा सगळा कारभार बघणारे, स्वभावाने घाबरट. नवरदेव साक्रीकडचा. वऱ्हाड सकाळी ट्रकने निघून धुळे, पारोळा, एरंडोल करत दुपारी बाराला पोचायचं होतं. मुहूर्त गोरज. तीन वाजले तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही. दिवाणजींनी मांडवाच्या खांबाला धरून उभं राहायला सुरुवात केली. कोणी म्हणे ट्रक उलटला, कोणी म्हणे पोराने नकार दिला.

अक्का जेवायच्या पंगतीतून उठल्या. हात धुतले. नवरीच्या मावशीच्या हातातली रांगोळीची वाटी घेतली आणि मांडवात मधोमध, सारवलेल्या जमिनीवर एक लांब रेघ ओढली. रेघेवर ठिपके. साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव. साक्रीवर एक सुपारी ठेवली. मांडवाला टेकवलेली काठी घेतली.

"हे काय, अक्का?" दिवाणजी रडवेले होऊन म्हणाले.

"तुमचा जावई," अक्का सुपारीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मास्तर, रस्त्यावर जा. धुळ्याकडून जो येईल त्याला इथे आणा. बस, सायकल, कोणी असो."

मी रस्त्यावरून माणसं धरून आणू लागलो. धुळ्याच्या बसचा ड्रायव्हर आला. त्याने तोंड उघडलं तोच अक्का म्हणाल्या, "काय पाहिलं, कुठे, किती वाजता, तोंड कुणीकडे?"

"ट्रक पाहिला, बाई. वाजंत्री होती आत. पारोळ्यात थांबला होता."

"किती वाजता?"

"झाले असतील बारा-साडेबारा—"

"बारा की साडेबारा?"

ड्रायव्हरने डोळे मिटून आठवलं. "साडेबारा. मी चहा घेत होतो."

काठीने सुपारी पारोळ्यावर आली. मांडवात माणसं गोल करून उभी राहिली. मग एक तेली आला, पुढच्या बसने उतरलेला. त्याला पारोळा आणि एरंडोलच्या मधे ट्रक दिसला होता. सुपारी पुढे सरकली. नवरीच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. शेवटी एक सायकलवाला आला. त्याने एरंडोलच्या फाट्यावर वाजंत्रीचा ट्रक पाहिला होता, दीड वाजून गेल्यावर, मागे धूळ उडवत चाललेला.

"तोंड कुणीकडे?"

"धरणगावकडे."

"जळगावकडे?"

"नाही बाई, धरणगावकडे. बाशिंगवाला पुढेच बसला होता, ड्रायव्हरशेजारी."

 अक्कांनी रांगोळीने एक नवी रेघ काढली, तिच्या टोकाला ठिपका दिला आणि सुपारी तिथे नेऊन ठेवली. "नवरदेव धरणगावात आहे," त्या म्हणाल्या. "दिवाणजी, धरणगावात आज कोणाकडे लग्न आहे?"

दिवाणजींनी खांब सोडला. "पाटलांकडे," ते म्हणाले आणि खालीच बसले.

शेठच्या मोटारीतून मला धाडलं. अक्कांनी सांगितलं तसंच झालं होतं. ट्रकवाल्याने फाट्यावर विचारलं, पाटलांचं लग्न कुठे? आमच्या भागात हा काय प्रश्न झाला? तिथल्या माणसाने धरणगावकडे हात केला. धरणगावच्या पाटलांचंही वऱ्हाड यायचं होतंच. त्यांनी ट्रक दिसल्याबरोबर ओवाळून सगळ्यांना उतरवून घेतलं. मी पोचलो तेव्हा नवरदेव पाटावर बसून चिवडा-लाडू खात होता आणि त्या मुलीचे वडील त्याला आग्रह करत होते.

"जावईबापू, अजून एक घ्याच."

"काका," मी म्हणालो, "हा जावई आमचा आहे."

काकांच्या हातातला लाडू हातातच राहिला. त्यांनी नवरदेवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग आमचा कोठे शे?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. अक्कांच्या सहवासाने मला तेवढं म्हणता येऊ लागलं होतं.

त्यांचा नवरदेव अमळनेरच्या रस्त्यावर टायर बदलत होता असं नंतर कळलं. आमचा आम्ही मुहूर्ताला सात मिनिटं बाकी असताना मांडवात उभा केला. सगळे अक्षता टाकायला धावले. अक्का मांडवाच्या मधोमध वाकून उभ्या होत्या. काठीने त्यांनी सुपारी धरणगावहून एरंडोलला, एरंडोलहून जळगावला आणली, मग काठी बाजूला ठेवली आणि अक्षता घेतल्या.

त्यानंतर गावात कोणाची म्हैस हरवली तरी लोक अक्कांकडे यायचे.

एक प्रसंग मात्र वेगळा. शेडमध्ये एक म्हातारं जोडपं आलं, धुळ्याच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातलं. नुसतं विमान बघायला एवढ्या लांब कोणी येत नसे. बाबा दाराशीच थांबले. आजी सरळ विमानापाशी गेल्या आणि अक्कांना म्हणाल्या, "बाई, मना पोऱ्या लढाईमा इमानना कामले व्हता. तो परत उना नही. कागद उना. हाई इमान त्यानंच शे का?"

 मी अक्कांच्या जवळ जाऊन हळूच म्हणालो, "हो म्हणा. काय बिघडतं?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आजी, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. मला त्यांचा त्या क्षणी राग आला. मग त्यांनी विचारलं, "मुलाला काम काय होतं?"

बाबा दारातून म्हणाले, "कापड शिवे तो. इमानले कापड लावतस ना, ते."

ते खरं होतं. आमच्या विमानाचं पुढचं अंग पत्र्याचं, पण मागचं अंग कापडाचं होतं, वर रंग दिलेलं. गोळ्यांनी फाटलेल्या जागी ठिगळं लावून हाताने शिवलेलं. अक्कांनी आजींचा हात धरला, त्यांना शेपटीकडे नेलं आणि एका ठिगळावर त्यांची बोटं टेकवली. "तुमचा मुलगा हे असं काम करायचा," त्या म्हणाल्या. "एवढं मी सांगू शकते."

आजींनी टाक्यांवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग डोळे अगदी जवळ नेले. आणि मान हलवून म्हणाल्या, "हाऊ मना पोऱ्याना टाका नही."

"नाही?"

"नही. तो यानापेक्षा बारीक टाका मारे. मीच शिकाडेल व्हतं त्याले." आणि बाबांकडे वळून, जरा अभिमानानेच, "दखा, कितला जाडा टाका शे हाऊ."

बाबा पुढे आले. त्यांनीही बोट फिरवलं आणि म्हणाले, "जाडाच शे."

अक्कांनी वही उघडून लिहिलं आणि वाचून दाखवलं, "मागील अंगावरील ठिगळ. टाका जाड. आजींच्या मुलाचा नाही. त्याचा टाका यापेक्षा बारीक होता." आजींनी मुलाचं नाव घालायला सांगितलं. ते घातलं. मग दोघं नवरा-बायको विमानाच्या सावलीत बसून भाकरी खाऊन गेले.

ते गेल्यावर मी म्हणालो, "अक्का, मी चुकलो."

अक्कांनी ठिगळावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, "मास्तर, आमच्या टेबलावर विमान गेलं की खूण पुढे जायची. परत आलं की मागे यायची. कधीकधी फोनवर काहीच यायचं नाही. आम्ही थांबायचो. वरून साहेब म्हणायचे, काढा. मग काठीने ती खूण मीच बाजूला काढायची. कोण होता, कुठे पडला, काही नाही. टेबल नुसतं स्वच्छ." त्यांनी वही बंद केली. "त्या आजींना निदान टाका तरी माहीत आहे."



मातोश्री गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी अवकाळी पाऊस झाला आणि शेठच्या उघड्यावरच्या गठाणी भिजल्या. शेठचा पुतण्या आता कारभार बघत होता. तरुण होता, वाईट नव्हता. त्याला शेड हवी होती. भांडेवाला परत येऊन टिचक्या मारून गेला. शेठनी अक्कांना बोलावलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "बाईसाब, कोणी अख्खं घेऊन जाणारा मिळाला तर मी फुकट देईन. होळीपर्यंत बघतो. त्यानंतर माझं काही चालणार नाही."

"होळीपर्यंत. अख्खं. फुकट," अक्का म्हणाल्या.

शेठनीही मुकाट्याने म्हटलं, "होळीपर्यंत. अख्खं. फुकट."

अक्का दिवसभर टेलिफोनवर बसायच्या. खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांतला कुठलाही साहेब त्यांना क्षणात जोडता आला असता. मी सुचवलं. त्यावर त्यांनी असं बघितलं की मी चहा घ्यायला बाहेर गेलो. सरकारी तार खाजगी कामाला नाही. त्यांनी पोस्टकार्डं आणली आणि खानदेशातल्या एकूण एक शाळा-कॉलेजांना स्वतःच्या हाताने लिहायला बसल्या. माझ्याकडे दर कार्डावर विमानाचं छोटं चित्र काढायचं काम. माझी बोटं सुजली.

उत्तरं आली ती अशी. एका शाळेने विचारलं, सोबत ड्रायव्हर मिळेल काय. दुसऱ्या शाळेने कळवलं की विमानाऐवजी हार्मोनियम मिळाल्यास उपकार होतील. एका मुख्याध्यापकांनी, आपण पाठवलेले विमान अद्याप पोचले नाही, अशी तक्रार केली. होळी पंधरा दिवसांवर आली तेव्हा धुळ्याच्या एका तांत्रिक शाळेचे हेडमास्तर स्वतः बस पकडून आले. जाड चष्मा, कोटाच्या खिशाला ग्रीसचे डाग. त्यांनी तीन तास विमान बघितलं, पोटाखाली झोपूनसुद्धा. उठून म्हणाले, "मुलांना शिकायला याहून चांगलं काही मिळायचं नाही. नेतो. पण याची देखभाल करणारा कोणी जाणकार आहे का? सैन्यातला माणूस असला तर उत्तम."

"आहे," शेठ म्हणाले.

"कुठे आहे?"

शेठनी अक्कांकडे हात केला. हेडमास्तरांनी अक्कांकडे बघितलं, मग अक्कांच्या मागे बघितलं, मागे कोणीच नव्हतं. अक्कांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातात ठेवला. हवाई दलातून सेवामुक्त झाल्याचं प्रमाणपत्र. हेडमास्तरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"पण आपण तर जळगावात..."

"धुळ्याच्या एक्सचेंजला बदली मागितलीय," अक्का म्हणाल्या. "परवा मंजूर झाली."

ही बातमी मला आणि शेठना एकाच वेळी कळली. शेठ काही बोलायला गेले, मग उगाच भांडेवाल्याच्या नावाने ओरडले.

होळीच्या आदल्या आठवड्यात विमान निघालं. पंख सोडवून एका ट्रकमध्ये घातले. दुसऱ्या ट्रकला विमानाची शेपटी उचलून बांधली, म्हणजे पुढची दोन चाकं रस्त्यावरून चालतील आणि विमान मागच्या मागे ओढलं जाईल. चाकांचा ब्रेक धरायला आत माणूस हवा होता. ट्रकवाला आपल्या क्लीनरला बसवत होता. अक्का म्हणाल्या, "त्याला कुठली दोरी कशाची ते माहीत नाही," आणि पदर खोचून, बुटांनी पंखाच्या बुडख्यावर पाय देऊन, वर चढून आत बसल्या. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. तुकारामभाऊ मुद्दाम रावेरहून आले होते. त्यांनी सबंध वेळ मागच्या चाकाजवळून हलायचं नाकारलं आणि आपली पाटी मागून घेतली.

शेठनी नारळ फोडला. ट्रक सुरू झाला. शेपटीकडून ओढलं जात असल्यामुळे विमानाचं नाक आमच्याकडे होतं आणि अक्कांचं तोंडही. एरंडोलच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या आमच्यापासून लांब चालल्या होत्या, पण बसल्या होत्या आमच्याकडे बघत. वाऱ्याने डोक्यावरचा पदर उडाला. त्यांनी तो धरला नाही. दोन्ही हात आत कशावर तरी होते.

तेवढ्यात जिनात कापूस टाकून परतणारी एक बैलगाडी त्या रस्त्याला लागली. बैलांनी समोर तीन पात्यांचं ते धूड बघितलं आणि पाय रोवले. गाडीवाला शिव्या देऊ लागला. अक्का उठून उभ्या राहिल्या, एक हात काठाला धरून त्यांनी दुसरा हात हलवला आणि त्यांचा खणखणीत आवाज आमच्यापर्यंत आला, "या, या! भिऊ नका! काही करत नाही ते!"

बैल निघाले. ट्रक, विमान आणि गाडी अशी ती रांग रस्त्याकडेच्या कडुलिंबांच्या पलीकडे वळेपर्यंत अक्का उभ्याच होत्या, हाताने बोलावत. तो हात गाडीवाल्यासाठी होता. तरी माझ्या शेजारी उभे असलेले सुगनचंदशेठ दोन पावलं पुढे गेले.